एक हेलकावा

"एकदा दाबा," मी म्हणालो.

नानांनी मॉरिसच्या पुढच्या मडगार्डवर दोन्ही पंजे टेकवले, अंगाचा भार टाकला आणि झटकन सोडला. गाडी जेमतेम खाली गेली, वर आली आणि तिथेच थांबली.

जुन्या गाडीचे शॉकअप तपासायची हीच रीत. स्प्रिंग उसळत राहते, तिला आवर घालायला शॉकअप. त्याच्या पोटात तेल असतं. तेल ठीक असलं की गाडी एक हेलकावा घेऊन गप्प बसते. दोन घेतले तर शंका घ्यायची. तीन घेतले तर ती गाडी घाटाच्या वळणावर चालवणाऱ्याचं ऐकत नाही.

"एकच ना?" नानांनी विचारलं.

"एकसुद्धा पुरता नाही. ताठ आहे. बोहल्यावरच्या नवरदेवासारखी."

"तुम्ही म्हणाल तसं. जावई आहात."

नाशिकची थंडी होती, संक्रांत होऊन गेलेली. शाळेच्या मैदानावर ओळीनं जुन्या गाड्या उभ्या होत्या आणि त्यांचे मालक मफलरमधून एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवत होते. दुसऱ्या दिवशी रॅली होती: घाट उतरून खाली जायचं, जेवायचं, पुन्हा घाट चढून यायचं. त्याआधी प्रत्येक गाडीची तपासणी, आणि ती माझ्याकडे. मी विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्यांचा सर्व्हे करत असे. आमच्या धंद्यात माणसांची दोनच खाती असतात: खरं बोलणारे, आणि अजून न सापडलेले. जुन्या गाड्यांच्या क्लबला असाच माणूस हवा होता. फक्त त्या वर्षी ओळीतली पहिली गाडी माझ्या सासऱ्यांची निघाली.

नाना गर्गे मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांच्या बांधांवर साखळ्या टाकून त्यांनी भावाभावांची भांडणं मिटवली होती, काही लावलीही होती. ही मॉरिस त्यांनी विलायतेला परत निघालेल्या एका मिशनच्या डॉक्टरांकडून घेतली. तेव्हापासून तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागला नव्हता. रॅलीत मात्र ते पहिल्यांदाच उतरत होते. माईंना घाट दाखवायचा, असं दिवाळीपासून त्यांचं चाललं होतं. माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आत्ताही गाडीतच बसून होत्या, अंगाभोवती शाल, डोकं तेलानं चप्प.

"इंजिन बघू," मी म्हणालो.

नानांनी बॉनेट उघडलं, वरचं कव्हर काढलं. आठही व्हॉल्व्हचे टॅपेट उघडे पडले. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या नाकपुड्या. नीट मिटल्या नाहीत तर दम बाहेर जातो. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. ती मोजायला पात्यांचं गेज असतं, जपानी पंख्यासारखं उलगडणारं. नानांनी ते उलगडलं, माझ्याशी बोलता बोलता अंगठ्यानं पाती चाचपली, एक निवडलं आणि फटीत सरकवलं.

"किती आहे, तुम्ही वाचा."

"तुम्हीच सांगा की."

"छे. मान तुमचा."

मी पात्यावरचा आकडा वाचला. बरोबर होता. आठही बरोबर होते. मग त्यांनी गाडी सुरू केली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतो तसे ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"तिसऱ्याचा एक्झॉस्ट जरा कुरकुरतोय. म्हातारा झालाय, पण धरून आहे."

मी सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरला. व्हॉल्व्ह गळत असला की कपटा मध्येच आत ओढला जातो. हा एकसारखा बाहेर फडफडत राहिला.

"कुठे ओढला का हो?" नानांनी विचारलं. ते माझ्या शेजारीच उभे होते.

"नाही. घरच्या लक्ष्मीसारखा वागतोय."

माई काचेतून म्हणाल्या, "मुकुंदराव, सगळं नीट बघितलंत?"

"सगळं."

"शॉकअपचं तेलही?"

मला हसू आलं. या बाईनं जन्मात गाडीच्या कुठल्या भागाचं नाव घेतलं नव्हतं. नावं घेत असत ती रस्त्यावरच्या सगळ्या वस्तूंची. नाना गाडी चालवायला लागले की शेजारून यांचं सुरू व्हायचं: अहो, डावीकडे सायकल. अहो, समोर म्हैस. अहो, तो पोरगा बघतच नाहीये. आमच्याकडे त्यावरून त्यांची पुष्कळ थट्टा चाले. शैला, म्हणजे माझी बायको, त्यांना आईसाहेब ड्रायव्हर म्हणत असे.

"माई, आता लायसन्स काढूनच टाका," मी म्हणालो.

"मी कशाला? हे आहेत ना."

"ती तोंडानं चालवते," नाना म्हणाले. "मी आपला हातानं."

आम्ही दोघं हसलो. माई हसल्या नाहीत.

"तेल उघडून बघितलंत का, एवढंच विचारलं," त्या म्हणाल्या.

"बाहेर कुठे गळती नाही. दाबून बघितली. उघडायची गरज नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि शाल ओढून बसल्या. जावयानं सासऱ्याला झुकतं माप दिलं असं लोक म्हणतील, याची त्यांना धास्ती वाटत असावी, असं मी समजलो. कागदावर मी उत्तीर्ण असं लिहिलं. नानांनी विचारलं, "सही कुठे?" मी बोट ठेवलं त्या जागी त्यांनी सही केली. मोजणी खात्याची सही, रेघेवर सरळ बसलेली.

दुपारपर्यंत मैदान तापलं. मफलर निघाले, स्वेटर निघाले. मी शेवटच्या गाड्यांपाशी होतो. तेवढ्यात क्लबचे अध्यक्ष विलासशेठ सोनजे यांचा आवाज आला. सोनजेशेठ मोठी अमेरिकन गाडी बाळगून होते आणि तिच्यापेक्षा मोठा आवाज. चहाचा कप हातात घेऊन ते नानांच्या मॉरिसला रेलले होते.

"चांदवडकर, जरा इकडे या. ही तुम्ही पास केलीत?"

"केली."

"गाडी म्हणून की पाळणा म्हणून?"

त्यांनी कोपरानं मडगार्ड दाबून सोडलं. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर. आत बसलेल्या माईंची मान तिच्याबरोबर हलत होती.

"सकाळी अशी नव्हती," मी म्हणालो.

"सकाळी जावई तपासत होता. आता सर्व्हेअर आलाय."

लोक जमले. चहा घेऊनच जमले. मी खाली बसलो, पाना लावून शॉकअपचं बूच काढलं आणि बोट आत घातलं. बोट नाकाशी नेलं. तो वास मला ओळखीचा होता. माई जास्वंदीची फुलं टाकून खोबरेल कढवत असत. दर दिवाळीला आमच्याकडे त्याची एक बाटली यायची.

"काय आहे?" सोनजेशेठनी विचारलं.

"खोबरेल."

आधी सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, आता वेणीफणी पण करा गाडीची. मग सोनजेशेठ हसायचे थांबले. माणूस वाकड्यात शिरायचा, पण डोकं चालायचं त्याचं.

"थांबा, थांबा. म्हणजे सकाळच्या थंडीत हे गोठलेलं. गाडी ताठ. जावयानं दाबली, पास. ऊन पडलं, तेल पातळ." त्यांनी नानांकडे कौतुकानं बघितलं. "गर्गेसाहेब, मोजणी खात्याचं डोकं ते."

नाना बॉनेटवर हात ठेवून उभे होते. हसू अजून त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं नव्हतं, जायचं कुठे ते त्याला कळत नसावं.

मी उठलो. पंधरा-वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी प्रश्न असा विचारला की उत्तर त्यातच होतं.

"नाना, चुकून पडलं ना हे?"

हो म्हणायचं, एवढंच होतं. म्हातारा माणूस, बाटल्यांची अदलाबदल झाली, लोक हसले असते आणि विसरले असते. दुपारभरात तेल बदलून मी पुन्हा तपासणी केली असती. सोनजेसुद्धा नाही म्हणाले नसते.

नानांनी गाडीच्या काचेकडे मान वळवली, तिथे माई होत्या.

"चुकून कसं पडेल?" ते म्हणाले. "मला काय बाटल्या ओळखता येत नाहीत? मीच घातलं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. शॉकअप गेलेत. तपासणीत टिकले नसते." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मुकुंदरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना मी फसवलं."

आणि त्यांनी माझ्यासमोर हात जोडले.

आमच्या लग्नात या माणसानं माझे पाय धुतले होते. तो विधी होता. भटजी घाई करत होते, पाणी गार होतं, मी पाय मागे घेतला तेव्हा आम्ही दोघंही गालात हसलो होतो. इथे विधी नव्हता. ऑइलनं काळी झालेली ती बोटं छातीशी धरून ते उभे होते आणि मला कुठे बघावं ते सुचेना. मी त्यांचे हात धरून खाली केले. कुणीतरी चहाचा कप गवतावर ओतला, तेवढा आवाज झाला.

"नियम आहे क्लबचा," सोनजेशेठ म्हणाले. आता त्यांनाही अवघड झालं होतं. "फसवणूक असेल तर गाडी कायमची बाद. मी केलेला नाही हो नियम."

"बरोबर आहे," नाना म्हणाले. जड पिशवी खाली ठेवल्यावर माणूस बोलतो तसा आवाज आला. "अगदी बरोबर आहे."

मी कागदावर सकाळचा शब्द खोडला.

नानांच्या घरी जाताना मी मागे बसलो. नाना सावकाश चालवत होते. प्रत्येक खड्ड्यावर गाडी डोलत होती. "अहो, रिक्षा उभी आहे," माई म्हणाल्या. "अहो, आता डावीकडे." या वेळी मला थट्टा सुचली नाही.

हात धुवायला मी परसात गेलो. तुळशीशेजारच्या कट्ट्यावर ऊन होतं आणि उन्हात एक बाटली ठेवली होती. थंडीत खोबरेल गोठतं म्हणून घरोघर ती अशी उन्हात ठेवतात. पलीकडे सावलीत धुण्याच्या दगडावर तसलीच दुसरी. नानांची एक सवय होती: तेलाचा मोठा डबा सांडतो म्हणून ते गाडीचं तेल माईंच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये भरून ठेवत आणि तेही वापरायच्या आधी उन्हात तापवत. पातळ झालं की लवकर उतरतं म्हणून. दोन्ही तेलं तांबूस.

मी उन्हातली बाटली उचलली. तिच्या गळ्याला करड्या केसांचं गुंतवळ चिकटलं होतं. ही माईंची. मी बूच काढलं, तळहातावर थेंब घेतला, चोळला.

मागे पावलं वाजली. माई टॉवेल घेऊन आल्या होत्या.

"माई, हे शॉकअपचं तेल आहे."

"हो."

"तुमच्या डोक्याला हे लावलंय?"

"संक्रांतीपासून हेच लावतेय." त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला. "न्हाताना जातं. शिकेकाई थोडी जास्त लागते."

"पण कळत असताना?"

त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आत नाना पाट मांडत होते, लाकडाचा आवाज येत होता.

"सकाळी उठून बघते तर बाटलीतलं तेल गोठलेलं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाहेर एवढी थंडी. तेव्हाच समजलं, माझं तेल कुठे गेलं ते. आदल्या दुपारी दोन्ही बाटल्या इथेच होत्या. त्यांनी हाताला लागली ती उचलली. वासाचं म्हणाल तर तपकिरीनं त्यांचं नाक केव्हाच गेलंय."

"आणि डोळे?"

"काचबिंदू. एक गेलाय. दुसऱ्यातून फटीतून बघावं तेवढंच. डॉक्टरांनी मला सांगितलं, त्यांना सांगितलं. आम्ही एकमेकांना सांगितलेलं नाही."

मी बाटली कट्ट्यावर ठेवली. माईंनी ती उचलून पहिल्या जागी, थोडी डावीकडे, पुन्हा ठेवली.

"मी दुसरं तेल आणलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, आधीचं संपलं कसं. मग काय सांगायचं? मोजणीतली माणसं. एका बोटाचा फरक चालत नव्हता त्यांना कधी."

"माई, त्या तेलानं गाडी घाटात..."

"म्हणून तर तुम्हाला विचारलं सकाळी. म्हटलं, तुम्ही बूच उघडाल. तुम्ही नाही म्हणालात की गाडी आपोआप घरी राहील. डोळ्यांचं नाव कुणी काढायला नको." मग त्या किंचित हसल्या. "तुम्हाला तर सगळ्यात संशय घ्यायची सवय. नेमका आमच्यावर विश्वास टाकलात."

"आणि सोनजे रेललेच नसते तर?"

"तर बसले असते शेजारी. वळणं सांगत."

मी टॉवेलला हात पुसत राहिलो. ते तेल पुसून जात नाही.

"तिथे मी त्यांना वाट दिली होती," मी म्हणालो. "चुकून पडलं म्हणाले असते तर..."

"चुकून कसं पडलं, असं पुढे कुणीतरी विचारलं असतं ना." त्यांनी पदर सारखा केला. "लबाड म्हणवून घेणं सोपं गेलं त्यांना."

"मुकुंदराव," आतून नानांची हाक आली, "या. लबाडाच्या घरचं चालत असेल तर चार घास खाऊन जा."

मी आत गेलो. नाना भरभरून बोलत होते. जावयाचं कौतुक करत होते: सख्ख्या सासऱ्याला सोडलं नाही, अशी माणसं आता राहिली नाहीत, पोरगी चांगल्या घरात पडली. वाटीपर्यंत हात नेताना त्यांची बोटं ताटाच्या कडेवरून चालत जात होती. इतकी वर्षं मी समोर बसून जेवलो होतो. जेवणात मी मीठ मागितलं तेव्हा ते माईंनी सरकवलं, नानांच्या हाताशी होतं तरी.

मॉरिसवर त्याच संध्याकाळी ताडपत्री पडली. गाडी बंद का केली, असं कुणी विचारलं की नानांचं उत्तर तयार असे: "क्लबनं काढलं. लबाडी केली मी. या आमच्या जावयानं पकडलं." मग तो सगळा किस्सा, गोठलेल्या तेलासकट. सांगता सांगता तो चांगला रंगायला लागला. पुढे पुढे त्यात नाना फार धूर्त झाले आणि मी फार कर्तव्यकठोर. शैलाला तो आवडायचा नाही. वडिलांना चारचौघांत हात जोडायला लावलंस, असं ती एकदा म्हणाली आणि मग त्यावर काही दिवस घरात बोलणं नव्हतं. मी तिला काही सांगितलं नाही. तिनं डोळ्यांचं विचारलं असतं.

माझ्या खात्यावर मात्र जमाच जमा होत गेली. विमा कंपन्यांत तो किस्सा पोचला. सासऱ्याची गाडी बाद करणारा सर्व्हेअर म्हणून मला कामं मिळाली. क्लबच्या रौप्यमहोत्सवात सोनजेशेठनी सत्कार ठेवला. मी नको म्हणालो. ते म्हणाले, हा विनयच तुमचा.

सभागृह भरलं होतं. नाना पहिल्या रांगेत होते, इस्त्रीचा सदरा, शेजारी माई. सोनजेशेठनी माइकवरून तो किस्सा सांगितला, खोबरेलापाशी लोक हसले, आणि शेवटी म्हणाले की ज्यांच्यामुळे ही परीक्षा झाली ते गर्गेसाहेबही मोठ्या मनानं इथे आले आहेत. टाळ्या वाजल्या. माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला.

नाना उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालू होत्या. चेहरा अभिमानानं फुललेला. मी व्यासपीठाच्या उजव्या टोकाला उभा होतो. आवाज डावीकडच्या भिंतीवरच्या कर्ण्यातून येत होता आणि नाना त्या कर्ण्याकडे बघून टाळ्या वाजवत होते.

माईंनी बसल्या जागेवरून त्यांच्या कोपराला हळूच बोट लावलं. नानांची मान एकदा हलली, माझ्या दिशेला वळली आणि तिथेच थांबली.